जिनिंगच्या काट्यासाठी टर्मिनलवरचा नोंद-प्रोग्रॅम: टेक्स्च्युअल वापरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत

दसरा-दिवाळीपासून जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागते. काट्यावर बसलेल्या माणसाचा एक हात पावतीवर असतो, दुसरा कीबोर्डवर आणि नजर वजनाच्या इंडिकेटरवर. माउस शोधायला त्याला वेळ नसतो. अशा कामाला ब्राउझरमधल्या रंगीत पानापेक्षा टर्मिनलमधली अक्षरांची स्क्रीन जास्त उपयोगी पडते. ती जुन्या मशीनवर लगेच उघडते, सगळी कीबोर्डवर चालते आणि मंद इंटरनेटवरून दुसऱ्या गावातूनही वापरता येते.

अशी स्क्रीन बांधण्यासाठी प्रत्येक भाषेत साधने आहेत: सी भाषेत एनकर्सेस, गो भाषेत बबल टी, रस्टमध्ये रॅटाटुई, डॉटनेटमध्ये टर्मिनल.गुई. इथे पायथनमधले टेक्स्च्युअल घेतले आहे. विल मॅकगुगन यांनी २०२१ मध्ये सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प एमआयटी परवान्याखाली मिळतो आणि तोच कोड विंडोज, लिनक्स आणि मॅकवर चालतो. आपल्याकडच्या बीसीए किंवा डिप्लोमाच्या मुलांना पायथन येत असते. प्रोग्रॅम पुढे दुसऱ्या कोणाला सांभाळायला द्यायचा तर ही बाब फार महत्त्वाची.

लेखात आज्ञा आणि वर्गांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची.

आधी चौकटीची वही

कोड उघडण्याआधी चौकटीच्या वहीत ८० घरे रुंद आणि २४ घरे उंच असा आयत आखा; एका घरात एक रोमन अक्षर. टर्मिनलची खिडकी मोठी करता येते हे खरे, पण दूरच्या मशीनवरून जोडणी केली किंवा छोटा मॉनिटर लावला की बहुतेक वेळा हाच आकार पदरी पडतो. २४ ओळींत बसेल तेवढेच स्क्रीनवर ठेवायचे.

आपल्याला लागणारे रकाने सात: गाडी क्रमांक, शेतकरी कोड, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा, क्विंटलचा भाव आणि शेरा. पहिली अडचण इथेच येते. टेक्स्च्युअलचा 'इनपुट' हा घटक स्वतःच्या चौकटीसह ३ ओळी खातो. सात रकान्यांच्या २१ ओळी झाल्या, वरची पट्टी आणि खालची पट्टी धरून २३. लेबले, निव्वळ वजन, रक्कम यांना जागाच उरत नाही.

म्हणून इनपुटची बॉर्डर काढून उंची १ करायची आणि लेबल त्याच्या वरच्या ओळीत ठेवायचे. मग सात रकाने १४ ओळींत बसतात. त्यात चालू वजनाच्या २, शेतकऱ्याच्या नावाची १, निव्वळ वजनाची १ आणि रकमेची १ मिळवली की १९ झाल्या. दोन पट्ट्या वजा जाता हाती असतात २२, म्हणजे चुकीचा संदेश दाखवायला ३ ओळी मोकळ्या राहतात. रुंदीत डावीकडे ३४ घरे फॉर्मला आणि उरलेली उजवीकडे यार्डात उभ्या असलेल्या गाड्यांच्या यादीला.

मांडामांड

पायथन ३.९ किंवा त्यापुढची आवृत्ती विंडोज ७ वर चालत नाही. काट्याच्या केबिनमधले मशीन अजून विंडोज ७ वर असेल तर जुनी पायथन शोधत बसू नका. त्यावर हलके लिनक्स टाकणे जास्त टिकाऊ.

प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर करा, त्यात 'वेन्व्ह' वापरून आभासी वातावरण (या प्रोजेक्टपुरती पायथनची वेगळी मांडणी) तयार करा, ते सुरू करा आणि मग 'पिप इन्स्टॉल'ने तीन गोष्टी घ्या: 'टेक्स्च्युअल', 'टेक्स्च्युअल-डेव्ह' आणि 'पायसीरियल'. नव्या डेबियन किंवा उबुंटूवर आभासी वातावरण न करता पिप चालवले तर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट' असा नकार मिळतो. तो जबरदस्तीने मोडून काढू नका, वेन्व्ह करा. तिथे वेन्व्ह स्वतंत्र पॅकेज म्हणून घालावे लागते हेही लक्षात ठेवा. बसवलेल्या आवृत्त्या 'पिप फ्रीझ'ने एका फाइलीत उतरवून ठेवा. टेक्स्च्युअलमध्ये बदल वेगाने होतात, आणि ऐन हंगामात आवृत्ती बदलून स्क्रीन बिघडायला नको.

विंडोजवर जुन्या काळ्या सीएमडी खिडकीऐवजी विंडोज टर्मिनल वापरा. रंग, रेषा आणि देवनागरी, तिन्हींत फरक पडतो.

स्क्रीनचा सांगाडा

'ॲप' या वर्गापासून आपला वर्ग काढायचा. त्यातल्या 'कम्पोझ' पद्धतीत घटक एकामागून एक 'यील्ड' करायचे: वर 'हेडर', मध्ये 'हॉरिझॉन्टल' या आडव्या डब्यात डावीकडे फॉर्मचा 'व्हर्टिकल' डबा आणि उजवीकडे 'डेटाटेबल', शेवटी 'फुटर'. टॅब दाबल्यावर कर्सर ज्या क्रमाने फिरतो, तो घटक यील्ड करण्याचाच क्रम असतो. म्हणून कागदी पावतीवर जो क्रम आहे तोच इथे ठेवा.

सजावट वेगळ्या शैली-फाइलीत किंवा वर्गातल्याच 'सीएसएस' या मजकुरात लिहिता येते. वेबच्या सीएसएससारखीच ती असते, फक्त लांबी-रुंदी टर्मिनलच्या घरांत मोजायची. हमखास होणाऱ्या चुका या:

आडवे-उभे डबे मूळात उपलब्ध जागा वाटून घेतात. एका ओळीचे काही ठेवण्यासाठी आडवा डबा वापरला आणि त्याला 'हाइट: ऑटो' दिले नाही, तर दोन रकान्यांमध्ये पाच-पाच ओळींची पोकळी दिसते.

घटकाची 'आयडी' फक्त रोमन अक्षरे, अंक, अंडरस्कोर आणि आडव्या रेघेची असू शकते, आणि तिची सुरुवात अंकाने होत नाही. पायथन चलांची नावे देवनागरीत स्वीकारते म्हणून आयडीही तशी दिली तर प्रोग्रॅम सुरू होतानाच 'बॅड आयडेंटिफायर' म्हणून थांबतो.

बॉर्डर काढल्याची एक किंमत आहे. रकान्यात चुकीची नोंद आली की टेक्स्च्युअल त्याची बॉर्डर लाल करतो, आणि आता बॉर्डरच नाही. त्यासाठी 'इनपुट.-इनव्हॅलिड' या निवडकाला लालसर पार्श्वभूमी द्या आणि 'इनपुट:फोकस'ला ठळक वेगळा रंग द्या, नाहीतर कर्सर कुठे आहे हेच कळणार नाही. केबिनची खिडकी उन्हाकडे असेल तर गडद स्क्रीन दुपारी आरशासारखी चमकते. अशा ठिकाणी 'टेक्स्च्युअल-लाइट' ही उजळ थीम ठेवा.

एंटरची सवय

काट्यावर आणि अडतीवर बसणारे जुने ऑपरेटर फॉक्सप्रोच्या काळापासून एंटर दाबून पुढच्या रकान्यात जातात. टेक्स्च्युअलमध्ये पुढे जायला टॅब आहे. एंटर दाबल्यावर इनपुट फक्त 'सबमिटेड' हा संदेश पाठवतो आणि कर्सर जागीच राहतो. माणसाची सवय मोडायला जाऊ नका. 'ऑन इनपुट सबमिटेड' ही पद्धत लिहून त्यात स्क्रीनची 'फोकस नेक्स्ट' बोलवा. दोन ओळींचे काम आहे, पण प्रोग्रॅम वापरला जाईल की कोपऱ्यात पडेल हे बरेचसे यावर ठरते.

शॉर्टकटसाठी अक्षरे वापरू नका. कर्सर इनपुटमध्ये असताना 'एस' दाबले तर ते अक्षर रकान्यात उमटते, शॉर्टकट चालत नाही. त्यात मराठी कीबोर्ड चालू असेल तर 'एस'च्या जागी वेगळेच अक्षर येते. फंक्शन की दोन्ही वेळी बिनधोक: एफ२ जतन, एफ४ काट्याचे वजन घेणे, एफ६ यादीत जाणे. 'बाइंडिंग्ज' या यादीत की, कृतीचे नाव आणि मराठी वर्णन दिले की फुटरमध्ये ते आपोआप दिसते. एफ१० आणि एफ११ टाळा, कारण काही टर्मिनल त्या स्वतःसाठी राखून ठेवतात. कंट्रोल-एसही नको, कारण काही ठिकाणी ती दाबल्यावर स्क्रीनच गोठते.

गाडी क्रमांकाच्या रकान्यात एमएच १९ आधीच भरून ठेवावे असा मोह होतो. पण धुळ्याची एमएच १८ आणि नंदुरबारची एमएच ३९ येते, शिवाय गुजरात-मध्य प्रदेशच्या सीमा जवळ आहेत. रकाना रिकामा ठेवा. टाइप झालेली अक्षरे मोठ्या लिपीत बदला आणि मधली जागा काढून टाका, म्हणजे एकच गाडी दोन प्रकारे नोंदली जाणार नाही.

आकड्यांच्या रकान्यांना 'टाइप' म्हणून 'इंटीजर' किंवा 'नंबर' द्या. पायथन देवनागरी आकडेही बिनतक्रार वाचतो, '५२८०' चे रूपांतर सरळ होते. मात्र तुम्ही स्वतः 'रिस्ट्रिक्ट'मध्ये रोमन शून्य ते नऊ एवढाच नमुना दिलात, तर मराठी कीबोर्डवर बसलेल्याला वाटेल की की-बोर्डच बिघडला. रकान्यातली नोंद तपासणाऱ्या 'व्हॅलिडेटर'बद्दलही एक समज काढून टाका: तो रकाना लाल करतो, पण जतन अडवत नाही. एफ२ च्या कृतीत प्रत्येक रकान्याचे 'इज व्हॅलिड' स्वतः तपासावे लागते. ओलाव्याची मर्यादा मात्र सक्तीची ठेवू नका. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत १२ टक्क्यांवरचा कापूस घेत नाहीत, पण खासगी खरेदीत व्यवहार ठरू शकतो. १२ च्या वर इशारा दाखवा आणि निर्णय माणसावर सोडा.

देवनागरी आणि घरांचे गणित

इंग्रजी उदाहरणे पाहून बांधलेली स्क्रीन मराठीत वेडीवाकडी दिसते, आणि दोष टेक्स्च्युअलचाही नसतो नि फॉण्टचाही नसतो. टर्मिनल म्हणजे घरांची जाळी. रोमन अक्षर एक घर घेते. देवनागरीत एक दिसणारे अक्षर अनेक कोडांचे (युनिकोडमधल्या क्रमांकांचे) बनलेले असते, आणि कोणता कोड किती घरे घेतो यावर टर्मिनल आणि लायब्ररी यांचे एकमत असतेच असे नाही.

'पाटील' घ्या. प, ा, ट, ी, ल असे पाच कोड. काना आणि दीर्घ वेलांटी या युनिकोडच्या हिशेबात 'जागा घेणाऱ्या' खुणा आहेत. त्यांना एकेक घर देणारे टर्मिनल या आडनावाला ५ घरे देते, न देणारे ३. भुसावळ तालुक्यातले 'कुऱ्हे' घ्या. क, ु, ऱ, ्, ह, े असे सहा कोड. उकार, हलंत आणि मात्रा घर घेत नाहीत, म्हणून जुन्या पद्धतीने ३ घरे, पण डोळ्याला अक्षरे दोनच दिसतात. 'पाटील'साठी लायब्ररीने ५ घरे धरली आणि टर्मिनलने ३ वापरली की त्या ओळीतले पुढचे सगळे दोन घरे डावीकडे सरकते. मग तक्त्याची उभी रेघ तुटते आणि वजनाचा आकडा भावाच्या रकान्याखाली जातो. पावतीच्या कामात हे फक्त विद्रूप दिसत नाही, त्यातून चुकीचा आकडा वाचला जातो.

आधी मोजून पाहा. पाच-सहा गावांची आणि आडनावांची नावे, प्रत्येकाच्या शेवटी उभी रेघ, अशी यादी टर्मिनलमध्ये छापा. एरंडोल, शहादा, क्षीरसागर, कुऱ्हे, दोंडाईचा एवढ्यांत बहुतेक प्रकार येतात. 'रिच' या लायब्ररीतले 'सेल लेन' हे फंक्शन टेक्स्च्युअल किती घरे धरणार ते सांगते. दोन्हींत फरक दिसला तर टर्मिनल बदलून पाहा. विंडोज टर्मिनलमध्ये १.२२ आवृत्तीपासून अक्षरसमूह एकत्र मोजण्याची सोय आली आहे, त्यामुळे तिथे आवृत्ती तपासणे पहिले.

तरीही प्रत्येक मशीनवर योग्य टर्मिनल मिळेल असे गृहीत धरू नये. मांडणीच अशी करावी की मोजणी चुकली तरी नुकसान होणार नाही:

तक्त्यात देवनागरीचा रकाना नेहमी शेवटचा. पावती क्रमांक, गाडी, वजन, वेळ हे रोमन अक्षरांचे आणि आकड्यांचे रकाने आधी, शेतकऱ्याचे नाव सगळ्यांत उजवीकडे. घसरले तर त्याच्या पुढे काही नसतेच.

लेबल रकान्याच्या डावीकडे न ठेवता वर ठेवायचे. वर वहीत जागेसाठी केलेली तडजोड इथे दुसऱ्यांदा कामाला येते.

मराठी मजकुराभोवती पूर्ण चौकट नको. वर-खाली आडवी रेघ पुरते, कारण उजवी उभी रेघ हमखास दातेरी होते.

नाव टाइप करायला लावू नका. चार आकडी शेतकरी कोड टाकला की नाव आणि गाव खालच्या ओळीत आपोआप यावे. इनपुटमध्ये कर्सर एकेका कोडाने सरकतो, बॅकस्पेस दाबल्यावर फक्त मात्रा पुसली जाते, आणि घाईत माणूस गोंधळतो. नवीन शेतकरी नोंदवण्याची स्क्रीन वेगळी ठेवा. ती निवांत वेळी वापरतात.

पायथनच्या 'एलजस्ट'ने मोकळ्या जागा भरून रकाने जुळवू नका. ते कोड मोजते, घरे नाही.

शोधातही एक खाच आहे. 'ऱ' हा एकाच कोडाने लिहिता येतो, किंवा 'र' अधिक नुक्ता असाही. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. 'कुऱ्हे' शोधून अर्धे शेतकरी सापडत नसतील तर कारण हेच. साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळी 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'ने मजकूर 'एनएफसी' रूपात आणा.

काट्याचे वजन स्क्रीनवर

इंडिकेटर साधारणपणे सीरियल केबलने सेकंदाला अनेकदा वजन पाठवत असतो. त्याच्या माहितीपत्रकातून वेग, बिट आणि ओळीचा साचा पाहून घ्या. वेग चुकला तर कचरा अक्षरे येतात, केबलमधल्या पाठवण्या-घेण्याच्या तारा उलट असतील तर काहीच येत नाही. पोर्टचे नाव 'सीरियल.टूल्स.लिस्ट पोर्ट्स' चालवून कळते. यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की विंडोजवर पोर्ट क्रमांक बदलू शकतो, म्हणून तो कोडमध्ये न लिहिता सेटिंग्जच्या फाइलीत ठेवा. लिनक्सवर 'सीरियल/बाय-आयडी' मधला मार्ग कायम राहतो. परवानगी नाही असा संदेश आला तर वापरकर्त्याला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

टेक्स्च्युअलमध्ये सगळी स्क्रीन एकाच धाग्यावर (थ्रेडवर, म्हणजे कामे एकामागून एक करणाऱ्या एकाच रांगेत) चालते. त्या धाग्यावर पोर्ट वाचत बसलात तर वजन येईपर्यंत कीबोर्ड मुका होतो. म्हणून वाचनाची पद्धत 'वर्क' या डेकोरेटरने, 'थ्रेड' खरे ठेवून, वेगळ्या धाग्यात चालवा. तिथून घटकांना थेट हात लावू नका, 'कॉल फ्रॉम थ्रेड'ने मुख्य धाग्याकडे निरोप द्या. पोर्ट उघडताना 'टाइमआउट' १ सेकंद द्या आणि प्रत्येक फेरीत 'इज कॅन्सल्ड' तपासा. टाइमआउट नसेल आणि केबल निघालेली असेल तर प्रोग्रॅम बंद करताना तो अडकून बसतो.

गाडी काट्यावर चढताना आकडा हलत असतो. शेवटची १० वाचने जवळ ठेवा. त्यांतल्या सर्वांत मोठ्या आणि लहान वाचनातला फरक काट्याच्या एका भागापेक्षा (काटा दाखवू शकतो त्या सर्वांत लहान टप्प्यापेक्षा) जास्त नसेल तरच वजन स्थिर धरा आणि हिरवे दाखवा. तो भाग इंडिकेटरवर लिहिलेला असतो. एफ४ ला स्थिर वजनच घ्या, शून्य घेऊ नका. वजन आपोआप रकान्यात भरू नका. गाडीचे मागचे चाक काट्याबाहेर आहे हे माणसालाच दिसते.

वीज गेली तरी नोंद राहिली पाहिजे

भरलेली गाडी तोलणे आणि रिकामी तोलणे यांत तास-दोन तास जातात. त्यात वीज जाणारच हे धरून चाला. पायथनबरोबर येणारा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा आहे. भरलेले वजन घेतले की लगेच ओळ साठवा, रिकाम्या वजनाचा रकाना मोकळा ठेवा. प्रोग्रॅम सुरू होताना ज्या ओळींत तो मोकळा आहे त्या उजव्या यादीत भरा, म्हणजे यार्डातल्या गाड्या आपोआप परत दिसतात. 'सिंक्रोनस' ही सेटिंग मूळची 'फुल' आहे. वेगाच्या मोहाने ती कमी करू नका.

डेटाटेबलमध्ये प्रत्येक रकाना जोडताना 'की' स्वतः द्या. नंतर 'अपडेट सेल' वापरताना शीर्षक देऊन चालत नाही, ती की लागते.

किलो पूर्णांकात साठवा, पैसे पैशांत, ओलावा दहापट करून. दशांशाच्या हिशेबाला 'डेसिमल' वापरा, पण तो तसाच एसक्यूलाइटला दिला तर स्वीकारला जात नाही. पडताळणीला एक हिशेब हाताशी ठेवा: भरलेली ८,४६० किलो, रिकामी ३,१८० किलो, निव्वळ ५,२८० किलो म्हणजे ५२.८० क्विंटल, भाव ७,४०० रुपये धरला तर रक्कम ३,९०,७२० रुपये.

एफ२ दाबून धरली गेली तर जतन दोनदा होऊ शकते. रिकामे वजन भरणारी आज्ञा 'जिथे रिकामे वजन अजून मोकळे आहे' या अटीसह लिहा. दुसऱ्या वेळी शून्य ओळी बदलतील आणि पावती दुबार होणार नाही. आणखी एक: डेटाबेसची जोडणी ज्या धाग्यात उघडली त्याच धाग्यात वापरता येते, म्हणून वजन वाचणाऱ्या धाग्यातून साठवायला जाऊ नका.

दुसऱ्या मशीनवर आणि दूरवरून

पायथन नसलेल्या मशीनसाठी 'पायइन्स्टॉलर' वापरा. तो ज्या प्रणालीवर चालतो तिच्यासाठीच फाइल बनवतो, लिनक्सवर बसून विंडोजची बनत नाही. एकच फाइल करण्यापेक्षा फोल्डर स्वरूप बरे: सुरू लवकर होते आणि अँटीव्हायरसची हरकत कमी येते. शैली वेगळ्या फाइलीत असेल तर ती 'ॲड-डेटा'ने सोबत द्यावी लागते.

जळगावच्या ऑफिसमधून चोपड्याच्या काट्यावरचा प्रोग्रॅम पाहायचा असेल तर एसएसएचने (दूरच्या मशीनचे टर्मिनल सुरक्षितपणे उघडण्याची सोय) जोडा आणि तो 'टीमक्स'मध्ये, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवा. रेंज गेली तरी प्रोग्रॅम तिकडे चालू राहतो. विंडोजवरच्या पुटी या एसएसएच प्रोग्रॅममधून जोडताना अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवा. फंक्शन की चालत नसतील तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'एक्सटर्म आर६' निवडा. प्रोग्रॅम मध्येच मारला गेला आणि टर्मिनलवर माउस हलवताच विचित्र अक्षरे उमटू लागली, तर न दिसले तरी 'रीसेट' टाइप करून एंटर दाबा.

चालवून पाहताना

टेक्स्च्युअल चालू असताना 'प्रिंट' स्क्रीनवर दिसत नाही. एका खिडकीत 'टेक्स्च्युअल कन्सोल' आणि दुसरीत 'टेक्स्च्युअल रन --डेव्ह' चालवा, छापलेले पहिल्या खिडकीत येते. हंगामाआधी 'रन टेस्ट' वापरून आकार ८० बाय २४ देऊन आपोआप तपासणी लिहा: गाडी क्रमांक, एंटर, कोड, एंटर, वजने, ओलावा, भाव, एफ२, असा कळांचा क्रम 'पायलट.प्रेस'ने द्या, 'पायलट.पॉज'ने थांबा आणि डेटाबेसमधली रक्कम ३,९०,७२० येते का ते पाहा. मग प्रोग्रॅम चालू असताना मशीनची वायर काढा, परत सुरू करा आणि अर्धवट गाडी यादीत आहे का ते बघा. ही दुसरी तपासणी प्रत्येक नव्या मशीनवर, पहिली गाडी काट्यावर येण्याआधी करायची.